तांत्रिक विद्यालयातील आमची तुकडी आणि शिल्पकर्माचा विसर

आपल्या ट्रस्टची स्थापना भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवी वर्षात झाली. १९७४ च्या दीपावलीपासून सुरू झालेले ते वर्ष देशभर उत्साहाने साजरे झाले. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या जून महिन्यात मी इचलकरंजीतील एका तांत्रिक विद्यालयात आठवीच्या वर्गात दाखल झालो आणि मार्च १९७७ मध्ये आमची तुकडी शालान्त परीक्षा देऊन बाहेर पडली. यंदा ट्रस्टचा सुवर्णमहोत्सव आणि आमच्या तुकडीचा स्नेहमेळावा एकाच वर्षात आल्याने जुन्या आठवणी जाग्या झाल्या. त्यांतून जे सुचले ते समाजबांधवांपुढे ठेवीत आहे.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी सुरू केला. त्या वेळचे जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचा या उद्योगास आश्रय होता. माग वाढले, तसे ते दुरुस्त करणारे, मोटारी बांधणारे, सुटे भाग घडविणारे हातही लागू लागले. अशा गावात तांत्रिक शिक्षणाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नव्हती. त्यामागे देशपातळीवरील विचारही होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींनी वर्धा येथील शिक्षण परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली व डॉ. झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा तयार केला. पुढे मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बहुउद्देशीय शाळांची आणि कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. आमच्या वेळच्या विद्यालयाची कार्यशाळा हे याच विचारधारेचे फळ होते.

त्या कार्यशाळेत आरंभीचे कित्येक दिवस आम्ही केवळ कानस चालविली. लोखंडाचा ओबडधोबड तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि त्याची बाजू अशी सपाट करायची की, गुण्या लावून उजेडात धरल्यास मधून प्रकाशाची रेघही दिसू नये. आमचे सर शब्दाने रागावत नसत. तुकडा उजेडात धरून आमच्याच हाती परत देत. तळहातांना फोड येत, खाकी कपड्यांना तेलाचे डाग पडत. घरी आई म्हणे, "पेढीवर बसणाऱ्याच्या पोराला हे कशाला?" परंतु चूक झाकता येत नाही, ती घासूनच काढावी लागते, हे त्या वयात तेथेच समजले.

निर्वाण महोत्सवी वर्षातच सर्व जैन संप्रदायांनी एक समान प्रतीक स्वीकारले. त्यात अहिंसेची खूण असलेला उघडा तळहात आहे. गावातील मिरवणुकीसाठी ते प्रतीक आमच्या कार्यशाळेत पत्र्यातून कापले गेले. आखणी मी केली. कापणी व घासकाम कोष्टी आणि मोमीन समाजांतील दोन वर्गमित्रांनी केले. आपल्या सभागृहाच्या दारावर आज जे प्रतीक आहे, ते तेच होय.

हाताच्या कामाविषयी आपल्या परंपरेची भूमिका काय? कल्पवृक्षांचे दान आटल्यावर भगवान ऋषभदेवांनी प्रजेला असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य व शिल्प ही सहा कर्मे शिकविली, असे आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात वर्णन आहे. या सहांत वाणिज्याच्या शेजारीच शिल्प आहे. आपल्याच परिसरातील कुंभोज येथे १८८७ मध्ये जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी प्रथम ओगले व किर्लोस्कर कारखान्यांच्या मालाची विक्री केली, १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 'कमवा व शिका' हे तत्त्व प्रत्यक्षात आणले. श्रमाची लाज आपल्याला धर्माने शिकविलेली नाही. ती आपण मागाहून पत्करली.

याची कबुली मला स्वतःपासूनच दिली पाहिजे. शालान्त परीक्षेनंतर मी वाणिज्य शाखेकडे वळलो व बी.कॉम. होऊन कापडाच्या दुकानात बसलो. त्याचा मला खेद नाही. खेद आहे तो १९९८ मधील एका सभेचा. मी तेव्हा ट्रस्टच्या कार्यकारी मंडळात होतो. दहावीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलांसाठी सभागृहामागील खोलीत मागदुरुस्ती व वायरिंगचा वर्ग सुरू करावा, असा प्रस्ताव आला. तुकडीत कानस चालविलेला त्या मंडळात मी एकटाच. तरीही मीच म्हणालो की, आपल्या मुलांना सी.ए. व डॉक्टर व्हायचे आहे, मिस्त्री नव्हे. प्रस्ताव बारगळला आणि खोली लग्नसमारंभांच्या भांड्यांसाठी वापरात आली. त्या वर्गासाठी नाव नोंदविण्यास आलेल्यांपैकी एक समाजबांधव नंतर माझ्याच दुकानात लागला. पंचवीस वर्षे तो तागे उलगडतो आहे आणि पुन्हा गुंडाळतो आहे. त्याने कधी तक्रार केली नाही, हेच मला अधिक बोचते.

गेल्या जानेवारीत आमची तुकडी पुन्हा एकत्र आली. प्रतीकाची कापणी करणाऱ्या मोमीन मित्राचा आज सुट्या भागांचा स्वतःचा कारखाना आहे. कोष्टी मित्राने आयुष्यभर माग जोडले व तिन्ही मुलांना शिकविले. काही जण निवृत्त झाले, काही कालवश झाले. बोलता बोलता प्रत्येकाने नकळत तळहात पुढे केले. माझे तळहात त्यांत सर्वांत मऊ होते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इयत्ता सहावीपासून व्यवसाय शिक्षणाची ओळख करून देण्याचे ठरविले आहे. शासन आपल्या गतीने करील; आपल्याला एक खोली उघडण्यास कोणाची अनुमती नको. ती भांडी अन्यत्र हलवावीत आणि जो प्रस्ताव मी त्या वेळी मोडला, तो याच वर्षी पुन्हा मंडळापुढे घ्यावा, ही माझी नम्र विनंती. आठवड्यातून दोन दिवस तेथे बसून हिशेब व मापन शिकविण्याची जबाबदारी मी घेतो. माझे काही वर्गमित्रही येण्यास तयार आहेत.

त्या सभेतील माझ्या शब्दांबद्दल संबंधितांची मी अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो.

जय जिनेंद्र!