पैसेवारी : न मोजलेल्या शेताचं काय?

दर 31 डिसेंबरला अंतिम पैसेवारी जाहीर होते. गाव पन्नासच्या खाली गेलं तर महसुलात सूट, पोरांची परीक्षा फी माफ. वर राहिलं की विषय संपला. बातमी मीही दोन ओळींचीच देतो.

ही पद्धत इंग्रजांच्या काळातली. तेव्हा आपला जिल्हा 'वणी' नावानं ओळखला जायचा. 1905 ला यवतमाळ झाला. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, त्यातलं हाती किती आलं ती आणेवारी. सारा घ्यायचा की थांबवायचा, हे त्यावर ठरे. 1957 ला दशमान नाणी आली, पुढं आण्यांचे पैसे झाले.

सरासरी काढायची रीत मात्र नीट पाहा. समजा, तीन शेतांचे आकडे आले : 60, 54, 48. सरासरी 54, म्हणजे दुष्काळ नाही. चौथं शेत मोजलंच नाही. एक्सेलमध्ये रकाना रिकामा ठेवला तर ते शेत हिशेबातच येत नाही. तिथं खरं पीक 30 असेल तर सरासरी 48, दुष्काळ! शून्य टाकलं तर 40.5. गाव तेच, निकाल तीन.

आपल्याकडे तर कापसाची वेचणी अन् तुरीची कापणी डिसेंबरनंतरही चालते. म्हणजे आकडा 'अंतिम', पीक अर्धं शेतातच.

म्हणून पटवाऱ्याला नुसती पैसेवारी विचारू नका. किती शेतं मोजली, कोणती सुटली, तेही विचारा.