जिंजरच्या शेवटचा ‘र’

आल्याला इंग्रजीत जिंजर म्हणतात आणि हा शब्द संस्कृत ‘शृंगवेर’पासून निघाला, असे कितीतरी कोश सांगतात. शिंगासारखे अंग असलेले ते शृंगवेर, ही फोड आल्याच्या गड्ड्याला इतकी चपखल बसते की पुढे शोधावेसेच वाटत नाही. पण अर्थ जुळला म्हणून कूळ सिद्ध होत नाही. त्यासाठी ध्वनींची साक्ष लागते, आणि ती दक्षिणेच्या बाजूने आहे.

इंग्रजीकडून मागे गेले की जुन्या इंग्रजीत ‘जिंजिफर’, लॅटिनमध्ये ‘झिंगिबेरी’ आणि ग्रीकमध्ये ‘झिंगिबेरिस’ ही रूपे भेटतात. इ.स. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने आले हे मिरीच्या झाडाचे मूळ असल्याचा समज खोडून काढला आणि भावही नोंदवला: पौंडाला 6 दिनार. ग्रीक रूपाशी शृंगवेरापेक्षा पालीतले ‘सिंगिवेर’ जास्त जुळते. शृंगाचे पालीत ‘सिंग’ होते, तेव्हा शृंगवेराचे ‘सिंगवेर’ व्हायला हवे होते. मग ‘गि’तला इकार कुठला? तमिळ आणि मल्याळममध्ये आल्याला ‘इंजि’ म्हणतात, तिथे तो इकार आहे. त्याच भाषांत ‘वेर’ म्हणजे मूळ. कन्नडातले ‘बेरु’ आणि तेलुगूतले ‘वेरु’ त्याचेच भाऊबंद. संस्कृतात ‘वेर’चा अंग हा अर्थ मात्र कोशांबाहेर क्वचितच दिसतो. दक्षिणेतून आलेल्या ‘आल्याचे मूळ’ या जोडशब्दाला संस्कृताने आपल्या ओळखीची शिंगे लावली, असेच यातून दिसते.

यावर आक्षेप येईल की ‘इंजि’त आरंभीचा ‘स’ नाही. त्याचे उत्तर गडचिरोलीत बोलल्या जाणाऱ्या गोंडी या द्राविडी भाषेत मिळते. तमिळ ‘आरु’ म्हणजे सहा, गोंडीत ‘सारुंग’. तमिळ ‘ऐंदु’ म्हणजे पाच, गोंडीत ‘सैयुंग’. दक्षिणेत आरंभीचा हा ध्वनी अनेक शब्दांतून गळाला, गोंडीने तो राखला. पालीने शब्द उचलला तो ध्वनी गळण्याआधीच्या रूपातून, असे मानले की ‘सिंगि’ आणि ‘इंजि’ एकाच घरची ठरतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आले रानात आपोआप उगवलेले सापडत नाही, थाई भाषेत त्याला ‘खिंग’ म्हणतात, म्हणजे ‘इंजि’च पूर्वेकडून आली असेल. तसे असू शकते. पण ‘वेर’ नि:संशय द्राविडी आहे, आणि समुद्र ओलांडून गेला तो त्याच्यासह जुळलेला जोडशब्द.

मराठीने आर्द्रकापासून ‘आले’ आणि शुंठीपासून ‘सुंठ’ घेतली, शृंगवेर ठेवले नाही. प्रत्येक जुन्या शब्दाचे श्रेय संस्कृताला देऊन थांबलो, तर आले लावणाऱ्या आणि जहाजात भरणाऱ्या माणसांची भाषा पुसली जाते. जिंजरच्या शेवटच्या ‘र’मध्ये ती अजून शिल्लक आहे.