सुरक्षा-साधने आणि चालकाची जबाबदारी : अँटिलॉक ब्रेकपासून चालक-साहाय्य प्रणालींपर्यंतचा इतिहास (१९६६ ते २०२४)

प्रस्तावना

मोटारगाडीच्या इतिहासाचे लेखन बहुधा इंजिन, वेग आणि कारखानदारी यांच्या अंगाने झालेले आहे. गाडी थांबविणाऱ्या आणि घसरत्या गाडीला सावरणाऱ्या साधनांचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला. वास्तविक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्र आणि माणूस यांच्यातील कामाची वाटणी कशी बदलत गेली, हे समजून घेण्यासाठी हा इतिहास अत्यंत उपयुक्त आहे. या इतिहासात एक कोडे दडलेले आहे. अँटिलॉक ब्रेक प्रणाली, म्हणजेच एबीएस, आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण प्रणाली, म्हणजेच ईएससी, या दोन साधनांचा तांत्रिक पाया जवळजवळ एकच आहे. तरीही पहिल्या साधनामुळे प्राणघातक अपघातांच्या एकूण संख्येत फारसा फरक पडला नाही, तर दुसऱ्याने हजारो प्राण वाचविले. असे का घडले, आणि त्या उत्तरातून आजच्या चालक-साहाय्य प्रणालींच्या सुरक्षित वापराविषयी कोणता बोध होतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

अँटिलॉक ब्रेकचा उदय

ब्रेक जोरात दाबल्यावर चाक जाम झाले, की ते फिरण्याऐवजी रस्त्यावरून फरफटत जाते. फरफटणाऱ्या पुढच्या चाकाला दिशा देता येत नाही. चालकाने स्टिअरिंग कितीही फिरविले, तरी गाडी आपल्या आधीच्याच दिशेने घसरत राहते. हा प्रश्न प्रथम तीव्रतेने जाणवला तो विमानांच्या बाबतीत. ओल्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाचे चाक जाम होऊ नये म्हणून ब्रिटनमधील डनलॉप कंपनीने १९५० च्या दशकात ‘मॅक्सारेट’ हे यांत्रिक साधन प्रचारात आणले. हेच साधन १९६६ साली ‘जेन्सन एफएफ’ या ब्रिटिश मोटारगाडीत बसविण्यात आले. त्यानंतर अमेरिकेत १९६९ साली फोर्डने मागच्या दोन चाकांपुरती, तर क्रायस्लरने १९७१ सालच्या ‘इम्पीरियल’ गाडीत चारही चाकांसाठी अशी प्रणाली दिली. परंतु त्या काळातील इलेक्ट्रॉनिक भाग रस्त्यावरील धक्के, उष्णता व ओलावा यांत दीर्घकाळ टिकणारे नव्हते.

अंकीय इलेक्ट्रॉनिक्स हाताशी आल्यावर ही अडचण दूर झाली. जर्मनीतील बॉश कंपनीने विकसित केलेली प्रणाली १९७८ साली मर्सिडीझ-बेंझच्या एस-क्लास गाडीत उपलब्ध झाली. चाकाच्या गतीवर लक्ष ठेवणारे संवेदक चाक जाम होण्याच्या बेतात असल्याचे ओळखतात आणि झडपांच्या साहाय्याने ब्रेकचा दाब एका सेकंदात अनेक वेळा कमी-अधिक केला जातो. त्यामुळे पूर्ण जोराने ब्रेक दाबलेला असतानाही चालक गाडी वळवू शकतो. अडथळा टाळून बाजूने निघून जाण्याची ही क्षमता म्हणजेच या साधनाचा मुख्य लाभ होय.

अपेक्षा आणि अनुभव

प्रयोगभूमीवरील यश पाहता अपघातांत मोठी घट होईल अशी सार्वत्रिक अपेक्षा होती. म्युनिक शहरातील टॅक्सींवर १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासाने या अपेक्षेला पहिला मोठा धक्का दिला. एकाच ताफ्यातील सारख्या बनावटीच्या काही टॅक्सींना एबीएस होते, काहींना नव्हते. आशेनब्रेनर आणि बील यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात दोन्ही गटांच्या अपघातांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. उलट एबीएस असलेल्या टॅक्सींचे चालक वळणे अधिक वेगाने घेतात, असे निरीक्षकांना दिसले. साधनाने दिलेली सुरक्षितता चालकांनी वेगाच्या रूपाने खर्च करून टाकली होती.

या निरीक्षणाला वैचारिक पार्श्वभूमी होती. शिकागो येथील अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ सालीच असा युक्तिवाद केला होता, की सक्तीच्या सुरक्षा-साधनांमुळे मिळालेला लाभ चालकांच्या वाढत्या धाडसाने निष्फळ होतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ गेराल्ड वाइल्ड यांनी पुढे या विचाराला सिद्धांताचे रूप दिले. प्रत्येक माणूस धोक्याची एक ठरावीक पातळी स्वीकारून चालतो आणि धोका कमी झाल्याचे जाणवताच वागणूक बदलून ती पातळी पुन्हा गाठतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

तथापि केवळ या सिद्धांताने एबीएसच्या अपयशाचे पूर्ण स्पष्टीकरण होत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या दीर्घकालीन मूल्यमापनात एबीएसमुळे प्रवासी गाड्यांचे प्राणघातक नसलेले अपघात ६ टक्क्यांनी, तर हलके ट्रक व तत्सम वाहनांचे ८ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. प्राणघातक अपघातांवरील निव्वळ परिणाम मात्र जवळजवळ शून्य होता. पादचाऱ्यांना धडक बसण्यासारखे काही प्रकार कमी झाले होते, पण गाडी रस्ता सोडून बाहेर जाण्याचे प्रकार वाढले होते आणि एका बाजूचा लाभ दुसऱ्या बाजूच्या हानीने पुसला गेला होता.

येथे चालकाच्या सवयीचा प्रश्न उपस्थित होतो. निसरड्या रस्त्यावर ब्रेक एकदम न दाबता थोडा थोडा, सोडून सोडून दाबावा, असे चालकांच्या कित्येक पिढ्यांना शिकविण्यात आले होते. एबीएस असलेल्या गाडीत नेमके याच्या उलट वागावे लागते. ब्रेक पूर्ण जोराने दाबून तसाच धरून ठेवावा लागतो. प्रणाली काम करू लागली की पेडल पायाखाली थरथरते आणि घरघर ऐकू येते. ज्याला हे ठाऊक नाही, तो काही बिघडले असे समजून पाय उचलतो. शिवाय घाबरलेला चालक स्टिअरिंग एकदम फिरवितो. पूर्वी जाम झालेल्या चाकांमुळे ते निष्फळ ठरत असे, आता गाडी खरोखरच वळते आणि रस्त्याबाहेर जाऊ शकते. सारांश, या साधनाने चालकाकडून नवे कौशल्य मागितले, पण ते शिकविण्याची जबाबदारी परिणामकारकपणे कोणीच उचलली नाही.

स्थिरता नियंत्रणाचे यश

१९९५ साली बॉश आणि मर्सिडीझ-बेंझ यांनी इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण प्रणाली बाजारात आणली. बॉशमधील या कामाचे नेतृत्व अँटन व्हॅन झँटेन यांनी केले होते. एबीएसचेच संवेदक व झडपा वापरून या प्रणालीत आणखी काही संवेदक जोडण्यात आले. चालकाने स्टिअरिंग किती फिरविले आहे आणि गाडी प्रत्यक्षात स्वतःभोवती किती वेगाने वळत आहे, यांची तुलना प्रणाली सतत करते. गाडीचे नाक वळणाच्या बाहेर ओढले जात असेल, तर प्रामुख्याने आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लागतो. गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जात असेल, तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लागतो. आवश्यकतेनुसार इंजिनाची शक्तीही कमी केली जाते.

या साधनाच्या प्रसाराला एका फजितीने वेग दिला. ऑक्टोबर १९९७ मध्ये ‘टेक्निकेन्स व्हॅर्ल्ड’ या स्वीडिश नियतकालिकाने मर्सिडीझ-बेंझच्या नव्या ए-क्लास गाडीची चाचणी घेतली. रस्त्यात अचानक आलेले जनावर चुकविण्यासाठी गाडी झटकन एका बाजूला व लगेच पूर्ववत वळविण्याची ही चाचणी ‘एल्क टेस्ट’ म्हणून जगभर गाजली, कारण तीत गाडी उलटली. कंपनीने विक्री काही काळ थांबविली, गाडीच्या रचनेत सुधारणा केल्या आणि स्थिरता नियंत्रण प्रणाली सर्व ए-क्लास गाड्यांत बसविली. महागड्या गाड्यांपुरते मर्यादित असलेले साधन अशा रीतीने छोट्या गाडीत आले.

पुढील अनुभव एबीएसपेक्षा सर्वस्वी वेगळा होता. स्वीडनमध्ये क्लेस टिंगव्हाल व सहकाऱ्यांनी २००३ साली मांडलेल्या अभ्यासात या प्रणालीमुळे अपघातांत सुमारे २२ टक्के, ओल्या रस्त्यावर सुमारे ३२ टक्के, तर बर्फाच्छादित रस्त्यावर सुमारे ३८ टक्के घट दिसून आली. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २००४ साली एकाच वाहनाचे प्राणघातक अपघात ५६ टक्क्यांनी कमी झाल्याचे नोंदविले. २००७ साली अमेरिकी शासनाने ही प्रणाली हलक्या वाहनांना सक्तीची केली आणि २०१२ सालच्या मॉडेलपासून ती सर्वत्र लागू झाली. तिच्यामुळे दरवर्षी ५,३०० ते ९,६०० प्राण वाचतील, असा त्या वेळचा शासकीय अंदाज होता. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या गाड्यांना ती अनिवार्य झाली.

एबीएस जेथे उणे पडले तेथे ईएससी यशस्वी का झाले? दोहोंतील निर्णायक फरक यंत्रात नसून चालकाकडून असलेल्या अपेक्षेत आहे. स्थिरता नियंत्रण चालकाकडून नवे काहीच मागत नाही. त्याने नेहमीप्रमाणे जायचे त्या दिशेने स्टिअरिंग धरावे, एवढे पुरते. एरवी प्रणाली मूक असते. क्वचित कामाला लागली, तर फलकावरील दिवा लुकलुकतो, इतकेच. बदललेल्या वागणुकीवर ती अवलंबून नसल्यामुळे तिचा लाभ अप्रशिक्षित चालकालाही मिळाला.

चालक-साहाय्य प्रणाली : जुन्या प्रश्नाची पुनरावृत्ती

पुढील गाडीपासून अंतर राखणारे क्रूझ कंट्रोल, मार्गिका राखणारे स्टिअरिंग, आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक या साधनांचा प्रसार १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून होत गेला. यांतही वरील भेद स्पष्ट दिसतो. महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या अभ्यासानुसार केवळ धडकेचा इशारा देणाऱ्या प्रणालीने मागून धडक देण्याचे अपघात २७ टक्क्यांनी, तर इशाऱ्यासोबत स्वतः ब्रेक लावणाऱ्या प्रणालीने सुमारे ५० टक्क्यांनी कमी केले. जेथे शेवटची कृती चालकावर सोपविली, तेथे लाभ निम्म्यावर आला.

अंतर व मार्गिका दोन्ही सांभाळणाऱ्या प्रणाली मात्र वेगळ्या वर्गात मोडतात. त्या चालकाचे हातपाय मोकळे करतात आणि त्या बदल्यात अखंड लक्ष मागतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ साली स्वयंचलनातील विसंगतींवर लिहिलेल्या निबंधात हा धोका आधीच सांगितला होता. यंत्र जितके विश्वसनीय, तितका देखरेख करणारा माणूस सरावाला मुकतो आणि यंत्र हरते त्या अवघड क्षणीच त्याला पुढे यावे लागते, असा त्याचा आशय होता. ७ मे २०१६ रोजी फ्लोरिडात टेस्ला गाडीच्या अपघातात याचा दुर्दैवी प्रत्यय आला. गाडी रस्ता ओलांडणाऱ्या ट्रेलरवर आदळून चालकाचा मृत्यू झाला. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीनुसार ४१ मिनिटांच्या प्रवासात ३७ मिनिटे ‘ऑटोपायलट’ सुरू होते आणि त्यांपैकी केवळ २५ सेकंद स्टिअरिंगवर हात असल्याची नोंद होती. ट्रकचालकाने वाट न दिल्याबरोबरच, गाडीच्या चालकाचे यंत्रावरील अतिअवलंबन आणि ते होऊ देणारी प्रणालीची रचना, या बाबींवर मंडळाने २०१७ साली बोट ठेवले. मार्च २०२४ मध्ये विमा संस्थेने चालकाच्या लक्षावर पहारा ठेवण्याच्या दृष्टीने अशा १४ प्रणाली तपासल्या. त्यांपैकी ११ प्रणालींना ‘निकृष्ट’ हा शेरा मिळाला.

भारतीय संदर्भ

भारतात १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस १ एप्रिल २०१९ पासून पूर्णपणे सक्तीचे झाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ मूल्यमापनात तीन किंवा अधिक तारे मिळविण्यासाठी स्थिरता नियंत्रण आवश्यक ठरविण्यात आले. मार्गिका राखणाऱ्या प्रणालीही आता अनेक भारतीय गाड्यांत मिळतात. परंतु त्यांचा कॅमेरा रस्त्यावरील रेषांवर अवलंबून असतो. पुसट रेषा, पावसाळ्यातील घाटातले धुके, उलट दिशेने येणारी दुचाकी, मध्येच आडवी येणारी जनावरे, अशा परिस्थितीत कॅमेरा फसण्याचा संभव अधिक असतो. सक्तीचा कायदा साधन देऊ शकतो, त्याचा वापर शिकवू शकत नाही. पेडलची थरथर चालकाला प्रथम अपघाताच्या क्षणी कळावी, ही १९९० च्या दशकातील अमेरिकेची चूक येथे टाळता येण्याजोगी आहे.

निष्कर्ष

१) सुरक्षा-साधनाचे यश त्याच्या तांत्रिक सामर्थ्याइतकेच ते चालकाकडून काय मागते यावर अवलंबून असते. जे साधन नवी वागणूक मागते, त्याच्यासोबत शिक्षण अपरिहार्य ठरते.

२) एबीएस असलेल्या चारचाकीत संकटसमयी ब्रेक जोराने दाबून धरावा, पेडल थरथरले तरी सोडू नये आणि स्टिअरिंग हवे तेवढेच वळवावे. मोकळी खडी किंवा ताजे बर्फ यांवर थांबण्याचे अंतर वाढू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

३) स्थिरता नियंत्रण रस्त्याची पकड वाढवीत नाही, असलेल्या पकडीचा योग्य उपयोग करते. झिजलेले टायर आणि अतिवेग यांवर त्याच्यापाशी उपाय नाही. चिखलात रुतलेली गाडी काढण्यासारखे प्रसंग वगळता ते बंद करू नये. लुकलुकणारा दिवा म्हणजे प्रणाली काम करीत आहे, सतत पेटलेला दिवा म्हणजे ती बंद किंवा नादुरुस्त आहे, हा फरक प्रत्येक चालकाला ठाऊक असावा.

४) अंतर व मार्गिका राखणाऱ्या प्रणाली चालकाचे श्रम हलके करतात, जबाबदारी नव्हे. हात स्टिअरिंगवर आणि दृष्टी रस्त्यावर असेल, तरच त्यांचा वापर सुरक्षित ठरतो. पुढची काच बदलल्यास कॅमेऱ्याची जुळणी पुन्हा करून घेणेही आवश्यक असते.

५) वाहन-प्रशिक्षण संस्थांचा अभ्यासक्रम आणि परवान्याची परीक्षा यांत या साधनांच्या प्रत्यक्ष वापराचा समावेश होणे निकडीचे आहे. साधन गाडीत बसविणे हे कारखान्याचे काम आहे. ते चालकाच्या सवयीत उतरविणे हे समाजाचे व शिक्षणाचे काम आहे, आणि एबीएसच्या इतिहासात नेमके तेच मागे राहिले होते.