हरणाची शिकार, उघडे हात आणि हातमोजे

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा उलटला की अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात अनेक कार्यालयांतील खुर्च्या अचानक रिकाम्या दिसू लागतात. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तेथे बंदुकीने हरणे मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि पाच लाखांहून अधिक परवानाधारक शिकारी रानात उतरतात. शेजारच्या मिशिगनमध्ये हाच हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार हा गुन्हा ठरला. त्यानंतर वाढलेल्या मराठी पिढ्यांना शिकार माहीत आहे ती जुन्या शिकारकथांमधून, आणि त्या कथा बहुधा बंदुकीच्या आवाजापाशी संपतात. अमेरिकी शिकाऱ्याचे खरे काम मात्र तेथून पुढे सुरू होते. त्या कामात हातमोजे घालावेत की नाहीत, हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न तेथील शिकारी बराच गांभीर्याने घेतात.

या कामाला 'फील्ड ड्रेसिंग' म्हणतात. येथे 'ड्रेसिंग'चा मलमपट्टीशी काही संबंध नाही. मारलेल्या हरणाची आतडी, कोठीपोट, मूत्राशय, काळीज, फुप्फुसे हा सर्व ऐवज रानातच, शक्य तितक्या लवकर बाहेर काढणे म्हणजे फील्ड ड्रेसिंग. हरणाच्या शरीराची उष्णता मृत्यूनंतरही बराच काळ टिकते आणि पोटातील जिवाणूंना ती ऊब मानवते. म्हणून कोथळा काढून देह लवकर थंड करणे हेच मांस वाचवण्याचे मुख्य साधन आहे.

प्रत्यक्ष कृती अशी. प्राण्याला पाठीवर उताणे ठेवतात. गुदद्वाराभोवती काप घेऊन मोठ्या आतड्याचे टोक मोकळे करतात आणि दोरीने बांधतात. पोटाची कातडी पात्याची धार वर ठेवून, दोन बोटांच्या आधाराने अलगद उघडतात, कारण पाते जरा खोल गेले की कोठीपोट फाटते आणि अर्धवट पचलेला चारा मांसावर पसरतो. त्यानंतर छाती आणि पोट यांमधील पडदा कापावा लागतो. शेवटची पायरी सर्वांत अवघड. शिकारी दोन्ही हात कोपरांपर्यंत, कधी त्याहूनही वर, छातीच्या पोकळीत घालतो. एका हाताने श्वासनलिका चाचपून पकडतो आणि दुसऱ्या हातातील सुरीने ती कापतो. हे सारे डोळ्यांनी न पाहता, केवळ स्पर्शाच्या आधारे. आत रक्त असते, गोळीने फुटलेल्या बरगड्यांचे अणकुचीदार तुकडे असतात आणि शिकार बाणाने केली असेल, तर वस्तऱ्यासारख्या धारेचे बाणाचे मोडके टोकही आत राहिलेले असू शकते. बाहेर तापमान शून्याखाली, बोटे बधिर, प्रकाश मावळत चाललेला. हाताला जखम होण्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती शोधून सापडणार नाही.

हातमोज्यांना विरोध करणाऱ्यांचा मुद्दा जुना आहे. आजोबांनी उघड्या हातांनी शेकडो हरणे साफ केली, त्यांना काही झाले नाही. मोजा ओला झाला की सुरीची मूठ निसटते आणि बोटांची जाण कमी होते. यातला मुठीचा मुद्दा अगदीच खोटा नाही. ढगळ प्लास्टिकच्या मोज्याने पकड खरोखर बिघडते. आजोबांचा दाखला मात्र तपासून घ्यायला हवा. धोका दर हरणामागे फार कमी आहे, हे मान्य. पण अमेरिकेत दर वर्षी लक्षावधी हरणे मारली जातात आणि कमी शक्यता इतक्या वेळा पणाला लागली की ती कोणाच्या तरी वाट्याला येतेच.

ती कोणाच्या वाट्याला आली, याची नोंद मिशिगनमध्ये आहे. राज्याच्या ईशान्य भागातील पांढऱ्या शेपटीच्या हरणांमध्ये गोवंशीय क्षयरोग ठाण मांडून बसला आहे, हे १९९४ पासून स्पष्ट झाले. एरवी हा जंतू गुरांचा. कच्च्या दुधातून तो माणसात शिरतो, हे भारतीय पशुवैद्यांनाही परिचित आहे. २००४ मध्ये तेथील एका तरुण शिकाऱ्याला हरीण साफ करताना बोटाला सुरी लागली. जखम चिघळत राहिली आणि तपासणीत त्याच क्षयाचे जंतू सापडले. त्यांची जनुकीय ठेवण त्या परिसरातील हरणांमध्ये फिरणाऱ्या जंतूंशी जुळणारी होती. २०१७ मध्ये त्याच भागातील ७७ वर्षांच्या एका गृहस्थांना फुप्फुसाचा क्षय झाला. त्यांनी ना कच्चे दूध प्यायले होते, ना ते क्षयग्रस्त प्रदेशात गेले होते. वीस वर्षे ते नियमाने शिकार करून हरणे साफ करत होते. संसर्गग्रस्त अवयव काढताना जंतू श्वासावाटे गेले असावेत, असा आरोग्य अधिकाऱ्यांचा निष्कर्ष होता. संधिवातासाठी ते स्टेरॉइडची गोळी घेत होते आणि अशा औषधांनी प्रतिकारशक्ती खालावते.

हे दोन रुग्ण शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. दुसऱ्याला हातमोज्यांचा काहीच उपयोग झाला नसता. पहिल्याचेही तसेच काहीसे आहे, कारण पातळ रबरी मोजा सुरीचे पाते अडवत नाही; तो आधीपासून असलेली जखम, नखाजवळचे सालपट, थंडीने पडलेल्या भेगा झाकतो. नोव्हेंबरात उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या माणसाच्या हातांवर अशा भेगा बहुधा असतातच आणि त्या त्याच्या लक्षातही येत नाहीत. मोज्याचे मोल तेथे आहे.

इतर रोगांकडे पाहिले तरी हाच मुद्दा पुढे येतो. २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात पूर्व अमेरिकेतील दोन शिकाऱ्यांची माहिती प्रसिद्ध झाली. हरीण साफ केल्यानंतर त्यांच्या हातांवर फोड उठले होते आणि त्यामागे तोवर अज्ञात असलेला, शेळ्यामेंढ्यांच्या तोंडावर फोड आणणाऱ्या विषाणूच्या कुळातला एक विषाणू निघाला. ट्युलरेमिया हा रोग मुख्यतः सशांचा. कॅलिफोर्नियातील टुलारे परगण्यावरून त्याला नाव मिळाले आणि ससे सोलताना मोजे घालण्याचा सल्ला त्याच्यामुळेच दिला जातो. जंतू त्वचेतून शिरला की त्या जागी व्रण पडतो आणि काखेतील किंवा जांघेतील गाठी सुजतात. ब्रुसेलोसिसचा धोका पांढऱ्या शेपटीच्या हरणापेक्षा दक्षिणेकडील रानडुकरांत आणि यलोस्टोन परिसरातील एल्क व गव्यांत अधिक. टेक्सास किंवा फ्लोरिडात रानडुकराची शिकार करणाऱ्याने उघड्या हातांनी कोथळा काढणे हा निव्वळ हट्ट म्हणावा लागेल.

सर्वाधिक चर्चा मात्र ज्या रोगाची होते, त्यात माणसाला लागण झाल्याचे एकही सिद्ध उदाहरण नाही. 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' हा हरणांचा मेंदू पोखरणारा, हटकून प्राणघातक रोग. १९६७ च्या सुमारास कोलोरॅडोतील संशोधनासाठी पाळलेल्या हरणांमध्ये तो प्रथम दिसला. आज तीसहून अधिक राज्यांत पोहोचला आहे. त्याचे कारण जिवाणू वा विषाणू नसून प्रायॉन नावाचे वेडेवाकडे दुमडलेले प्रथिन आहे. ते शिजवून नष्ट होत नाही, अल्कोहोलला दाद देत नाही आणि मातीत वर्षानुवर्षे टिकते. याच जातीच्या 'मॅड काउ' रोगाचा माणसांमधील घातक मेंदूविकाराशी संबंध असल्याचे ब्रिटनमध्ये १९९६ साली उघड झाले. ब्रिटनमध्ये राहिलेल्या मराठी वाचकांना ते दिवस आठवत असतील. म्हणूनच अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र पुरावा नसतानाही सावधगिरी सांगते: हरीण साफ करताना लॅटेक्स किंवा रबराचे मोजे घालावेत, मेंदू व मज्जारज्जू यांना कमीत कमी स्पर्श करावा, घरातल्या स्वयंपाकाच्या सुऱ्या या कामाला वापरू नयेत आणि रोगग्रस्त भागातील हरणाचे मांस तपासणीचा निकाल आल्याशिवाय खाऊ नये. सुरीच्या शुद्धीसाठी एक उपाय प्रयोगांती सिद्ध झाला आहे. घरगुती ब्लीचच्या ४० टक्के द्रावणात पोलादी पृष्ठभाग पाच मिनिटे बुडवून ठेवला की त्यावरील प्रायॉन निष्प्रभ होतात. मात्र त्याआधी पात्याला चिकटलेला मांसाचा प्रत्येक कण घासून काढावा लागतो, कारण ब्लीच मांसाच्या आत शिरत नाही.

येथवर विचार झाला तो शिकाऱ्याच्या हातांचा. हातमोज्यांच्या वादात बहुतेकांच्या नजरेतून निसटते ती दुसरी बाजू, म्हणजे मांस. हरणाच्या आतड्यांत ई-कोलायचे घातक प्रकार असू शकतात. १९९५ मध्ये ओरेगन राज्यात हरणाच्या सुकवलेल्या मांसातून असा उद्रेक झाला होता. २०१० मध्ये मिनेसोटातील एका शाळेत, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थ्यांनी हरणाचे मांस हाताळले, त्याचे कबाब केले आणि २९ जण आजारी पडले. कच्चे वा अर्धेकच्चे मांस हाताळण्याशी त्या आजाराचा संबंध दिसून आला.

या बाजूने पाहिले तर मोजा हा दुधारी ठरतो. गुदद्वाराभोवती काप घेतलेला मोजा तसाच घालून कोणी पुढे पुठ्ठ्याच्या मांसाला हात लावत असेल, तर त्याच्या स्वतःच्या हातांचे रक्षण झाले, पण विष्ठा मांसापर्यंत पोहोचली. उघड्या हाताला घाण लागल्याचे निदान जाणवते. मोज्यातील हाताला ते जाणवत नाही. मागच्या पायाच्या सांध्यापाशी असलेल्या गंधग्रंथींचेही तसेच. त्यांना लागलेला मोजा मांसाला लागला की उग्र वास उतरतो आणि मग 'हरणाचे मांस असेच लागते' अशी समजूत करून घेतली जाते. अनुभवी शिकारी एकावर एक मोजे चढवतात ते याचसाठी: आत खांद्यापर्यंत येणारे, पशुवैद्य गाभण गाय तपासताना वापरतात तसे पातळ पॉलिथीनचे मोजे, त्यांवर मनगटापर्यंतचे घट्ट नायट्राइलचे. वरचा जोड पकड देतो आणि मळला की बदलता येतो. कोठीपोट फाटले तर तो लगेच बदलायचा आणि कोथळा बाहेर पडल्यावर, मांसाला हात लावण्याआधी, पुन्हा एकदा. लॅटेक्सची अनेकांना ॲलर्जी असते, म्हणून नायट्राइल बरे. ज्याच्या हातात सुरी नाही त्या हातात, आतील बाजूस, काप न जाणारा विणलेला मोजा घातला तर छातीतील त्या आंधळ्या कापाच्या वेळी बोटे वाचतात. दुकानातील तयार संचात तो सहसा नसतो, वेगळा घ्यावा लागतो.

मोजे काढण्याचीही एक रीत आहे. बाहेरची बाजू आत जाईल असे उलटे करून ते काढावेत आणि त्यानंतरही साबणाने हात धुवावेत. रक्त आणि चरबी माखलेल्या हातांवर सॅनिटायझर फारसे काम करत नाही. रक्ताळलेल्या मोज्यांनीच खिशातला फोन काढणे, गाडीचे दार उघडणे, थर्मासचे झाकण फिरवणे हे प्रकार सर्रास घडतात आणि घरी गेल्यावर तोच फोन मुलांच्या हातात जातो. मोजे रानात टाकून येऊ नयेत. पिशवीत बांधून परत आणावेत.

मराठी माणूस या देशात बंदूक घेऊन रानात जाण्याचे प्रसंग तसे कमी. पण हंगाम संपला की कार्यालयातील सहकारी किंवा शेजारी कागदात गुंडाळलेले गोठवलेले मांस आपुलकीने हातात ठेवतो आणि मटणाच्या रश्श्याची आठवण असलेल्या घरात ते आनंदाने स्वीकारले जाते. अशा वेळी दोन प्रश्न विचारण्यात अवमान नाही. जबाबदार शिकारी त्यांची उत्तरे तयारच ठेवतो. हरीण रोगग्रस्त भागातले असेल तर त्याची तपासणी झाली होती का? आणि मांस हाडांपासून, विशेषतः पाठीच्या कण्यापासून, वेगळे काढले आहे का? खिमा असेल तर तो आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजवावा. जिवाणूंसाठी एवढे पुरते. प्रायॉनसाठी तपासणीशिवाय दुसरा मार्ग नाही.

मधुमेह, संधिवातावरील औषधे, केमोथेरपी किंवा अवयवरोपण यांमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांनी कोथळा काढण्याचे काम सोबतच्या दुसऱ्या कोणाकडे सोपवावे, हे अधिक शहाणपणाचे. आणि शिकारीनंतर काही दिवसांनी, क्वचित काही महिन्यांनीही, हातावरची जखम भरत नसेल, फोड उठला असेल, काखेत गाठ आली असेल किंवा ताप येऊन जाऊन राहत असेल, तर डॉक्टरांना हरीण साफ केल्याचे आपणहून सांगावे. शहरातल्या दवाखान्यात तो प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.