पाळी बदलताना राहिलेली नोंद



विमानावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असा प्रश्न आपणांपैकी कित्येकांना पडला असेल. मी विमान चालवलेले नाही, दुरुस्तही केलेले नाही. सातवीनंतर शाळा सुटली. इंग्रजी शिकलो ते करारांच्या मसुद्यांवरून, शब्दकोश मांडीवर घेऊन. त्याच शब्दकोशाच्या आधाराने काही वर्षांपूर्वी एका अमेरिकन विमान-अपघाताचा चौकशी-अहवाल वाचून काढला. वाचताना राहून राहून वाटे, हे तर आपल्याच कारखान्यात घडले आहे.

गोष्ट 1991 च्या सप्टेंबरातली, टेक्सास राज्यातील ह्यूस्टनची. कॉन्टिनेंटल एक्स्प्रेस या कंपनीचे ब्राझीलमध्ये बनलेले एक लहान एम्ब्राएर विमान 10 तारखेच्या रात्री हँगरात दुरुस्तीला होते. या विमानाच्या उभ्या शेपटीच्या माथ्यावर एक आडवी शेपटी असते. तिच्या पुढच्या कडेला रबरी पट्टे असतात. बर्फ धरू लागला की पट्ट्यात हवा सोडतात. तो फुगतो आणि बर्फाचा पापुद्रा फुटून गळून पडतो. उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंचे पट्टे बदलायचे होते. त्यासाठी पुढची कड सोडवावी लागते, आणि ती वरून व खालून स्क्रूंनी बसवलेली असते.

संध्याकाळच्या पाळीने उजवी बाजू खोलायला घेतली. एक इन्स्पेक्टर मदतीला वर चढला. त्याने उजव्या कडेचे वरचे स्क्रू काढले आणि काम पुढे सरकावे म्हणून डाव्या कडेचेही वरचे 47 स्क्रू काढून टाकले. वास्तविक त्याचे काम तपासण्याचे, स्क्रू काढण्याचे नव्हे. पण हात रिकामे ठेवणे ज्याला जमत नाही असा माणूस प्रत्येक खात्यात असतो, आणि एरवी आपण त्याचे कौतुकच करतो.

मग पाळी बदलली. घरी जाणाऱ्याने येणाऱ्याला लेखी हवाला द्यायचा, अशी रीत होती. त्यासाठी छापील कार्डेही होती. ती भरली गेली नाहीत. जे सांगितले ते तोंडी, तेही ज्याने पुढे ते काम केले नाही त्याला. रात्रपाळीचा इन्स्पेक्टर तर वेळेआधी आला होता. त्याने हवाल्याची वही वाचली, तेव्हा या विमानाविषयी तीत काहीच नव्हते. मदत करणाऱ्या इन्स्पेक्टराने आपली ओळ त्यानंतर लिहिली आणि तो घरी गेला. त्या ओळीतही पट्टे काढायला मदत केली एवढेच होते. डावी बाजू नव्हती. थोडक्यात, वाचणाऱ्याने वाचले, लिहिणाऱ्याने लिहिले, आणि दोघांची गाठ पडली नाही.

रात्रपाळीच्या सुपरवायझराने ठरवले की डावा पट्टा आज होत नाही. दुसऱ्या विमानाला जागा हवी म्हणून हे विमान बाहेर काढले गेले. शेपटीचा माथा जमिनीपासून सुमारे 20 फूट वर, आणि बाहेर काळोख. डावीकडची रिकामी भोके कोणाला दिसली नाहीत. कागदोपत्री डाव्या बाजूला हात लागलेलाच नव्हता, म्हणून ती पाहण्याचे कोणाला कारणही नव्हते.

11 तारखेच्या सकाळी विमान लारेडोला सुखरूप गेले. परतताना ईगल लेक गावाजवळ ते खाली उतरू लागले असता वाऱ्याच्या झोताने डावी कड उचकटून निघाली आणि विमान हवेतच मोडले. 11 उतारू आणि 3 कर्मचारी, सर्वच्या सर्व 14 जण गेले.

1992 साली चौकशी मंडळाने निर्णय दिला: दुरुस्ती करणारे आणि तपासणारे यांनी ठरलेली रीत पाळली नाही. हे खरेच आहे, आणि संघटनेचा माणूस म्हणून मी ते झाकणार नाही. पण मंडळाचे एक सभासद, जॉन लॉबर, यांनी वेगळे मत नोंदवले. रीत पाळलीच जाईल असे वातावरण कंपनीच्या व्यवस्थापनाने निर्माण केले नाही, हेही अपघाताचे कारण म्हणून लिहा, असा त्यांचा आग्रह होता. ते एकटे पडले. मला मात्र त्या साऱ्या अहवालात तेच पान आपले वाटले.

का वाटले, ते सांगतो. मी ज्या कारखान्यात होतो तिथे एका रात्री फिटरने प्रेसची जाळी काढली. सकाळच्या पाळीतल्या पोराची दोन बोटे गेली. पाळीच्या वहीत जाळीचा शब्द नव्हता. फिटरला लिहिता येत होते. पण आमच्याकडे वहीत लिहिलेली ओळ महिन्याभराने मेमो होऊन परत येई. यंत्र का थांबवले, किती वेळ गेला, जबाबदार कोण! तेव्हा शहाणे लोक वहीत ‘सर्व ठीक’ लिहीत. मीही कित्येकदा लिहिले आहे.

आणि हे जुने झाले असे समजू नका. 5 जानेवारी 2024 रोजी पोर्टलंडहून उडालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग विमानाच्या भिंतीतला दारवजा तुकडा हवेत निखळून पडला. आत 177 माणसे होती; सुदैवाने कोणी दगावले नाही. आदल्या सप्टेंबरात रेंटनच्या कारखान्यात रिव्हेट दुरुस्त करण्यासाठी तो तुकडा उघडला होता आणि त्याचे 4 बोल्ट परत बसवले गेले नव्हते. तुकडा उघडल्याची नोंद नव्हती. तेव्हा तो नीट बंद झाला की नाही, हे तपासायला तरी कोण जाणार? पुढे चौकशीवाल्यांनी ते कागद मागितले, तेव्हा कंपनीला ते देता आले नाहीत.

आमच्या प्रेसवरच्या त्या पोराच्या अपघातानंतर आम्ही दोन मागण्या ठेवल्या. वहीतल्या नोंदीवरून कोणाला मेमो देऊ नये. आणि पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांचे लोक पंधरा मिनिटे एकत्र यंत्रापाशी उभे राहावेत, त्या वेळेच्या पगारासह. पहिली मागणी लगेच मान्य झाली. पंधरा मिनिटांच्या पगारासाठी आम्हांला आणखी दोन वर्षे भांडावे लागले.