लिथियम : गुण आधी, कारण मागाहून

मार्च 1948. मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील मनोरुग्णालयात 51 वर्षांच्या एका रुग्णाला लिथियमचे क्षार देण्यास आरंभ झाला. पाच वर्षे तो उन्मादावस्थेत होता. जुलैमध्ये तो घरी गेला आणि जुन्या नोकरीवर रुजूही झाला.

औषध देणारे डॉक्टर जॉन केड युद्धकाळात जपान्यांच्या चांगी छावणीत कैदी होते. उन्मादामागे शरीरातच निर्माण होणारे एखादे विष असावे, असा त्यांचा तर्क होता. युरिक आम्ल पाण्यात नीट विरघळेना, म्हणून त्यांनी त्याचा लिथियमयुक्त क्षार वापरला आणि टोचलेले गिनीपिग शांत पडले. ते बहुधा विषबाधेनेच मलूल झाले असावेत! तर्क फसवा, निरीक्षण संशयास्पद. गुण मात्र खरा.

1949 मध्ये केड यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेत मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खाणारे काही हृदयरोगी दगावले. 1950 मध्ये तो पहिला रुग्णही लिथियमच्या विषबाधेने मरण पावला. तारक मात्रा आणि मारक मात्रा यांत अंतर फारच थोडे होते.

हे औषध वाचले ते रक्तातील लिथियम मोजता येऊ लागल्यामुळे. मेलबर्नमध्ये ट्राउटनर यांनी ही मोजणी रुळवली. डेन्मार्कमध्ये मोगेन्स शाऊ यांनी 1954 मध्ये पद्धतशीर चाचणी प्रसिद्ध केली. अमेरिकेची अधिकृत मान्यता मिळण्यास 1970 उजाडले. (खाणीतून निघणाऱ्या साध्या क्षाराचे पेटंट कोण घेणार? औषध कंपन्यांना त्यात फारसा रस नव्हता.)

मेंदूत नेमके काय घडते, हा शोध त्यानंतरचा. लिथियमचा आयन मॅग्नेशियमच्या आयनाशी आकाराने मिळताजुळता असल्याने मॅग्नेशियमवर चालणाऱ्या विकरांच्या कामात तो अडथळा आणतो. त्यांतले एक विकर पेशीतील संदेशवहनाला लागणारे इनॉसिटॉल पुन्हा वापरात आणते. ते मंदावले की अतिउत्तेजित पेशींचा संदेश ओसरतो, अशी मांडणी बेरिज यांनी 1980 च्या दशकात केली. 1996 मध्ये क्लाइन आणि मेल्टन यांनी जीएसके-3 हे दुसरे विकर पुढे आणले. चेतापेशींचे जगणे-वाढणे त्याच्याशी निगडित आहे. 2000 साली चार आठवड्यांच्या उपचारानंतर मेंदूतील राखाडी द्रव्य वाढलेले दिसले. ही खरी वाढ की केवळ पाण्याच्या प्रमाणातला फरक, यावर वाद आहे.

मेंदूला आधार देणारे हेच औषध दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंड आणि थायरॉइड ग्रंथीला बाधू शकते. त्यामुळे आजही लिथियम घेणाऱ्याची ठरावीक काळाने रक्ततपासणी होते.