घरी बांधलेल्या विमानात कारचं इंजिन! पेट्रोल-हवेचं मिश्रण कसं जुळवतात?

गाडीचं इंजिन रस्त्यात बंद पडलं तर आपण काय करतो? इंडिकेटर देतो, गाडी कडेला घेतो आणि मेकॅनिकला फोन लावतो. विमानात 'कडेला घेणं' हा पर्यायच नसतो. तरीही अमेरिकेत अनेक हौशी लोक स्वतः बांधलेल्या विमानात चक्क कारचं इंजिन बसवून उडतात. त्यातल्या काहींची पसंती असते माझदाच्या रोटरी इंजिनाला.

घरी विमान बांधणं ही कल्पना आपल्यालाही नवी नाही. मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवत असतीलच. अमेरिकेत मात्र यासाठी वेगळी श्रेणीच आहे. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौसेसाठी किंवा शिकण्यासाठी स्वतः केलेलं असेल, तर ते 'एक्सपेरिमेंटल' म्हणून नोंदवता येतं आणि त्यात कोणतं इंजिन बसवायचं हे बांधणारा ठरवतो.

रोटरी इंजिन म्हणजे काय?

जर्मन संशोधक फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेवरचं पहिलं इंजिन १९५७ मध्ये चाललं. यात वर-खाली होणारे पिस्टन नसतात आणि व्हॉल्व्हही नसतात. एका लांबट पोकळीत त्रिकोणी रोटर फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांना 'अ‍ॅपेक्स सील' नावाच्या पट्ट्या असतात. त्या भिंतीला घासत फिरतात आणि वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊ देत नाहीत.

विमानांत प्रामुख्याने वापरलं जातं ते माझदाचं '१३बी'. दोन रोटर, क्षमता १३०८ सीसी. आरएक्स-७ या स्पोर्ट्स कारमुळे ते जगभर पोहोचलं. आकाराने लहान, हलणारे भाग मोजके आणि थरथर कमी, म्हणून विमान बांधणाऱ्यांना ते आवडतं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांनाही 'रोटरी' म्हणत, पण त्यांत अख्खं इंजिनच प्रोपेलरबरोबर फिरायचं. ती वेगळी जात.

मिश्रण एवढं महत्त्वाचं का?

१ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पूर्ण ताकद हवी असेल तर पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागतं, म्हणजे १ किलोला सुमारे १२.५ किलो हवा. याला 'रिच' मिश्रण म्हणतात. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की ते 'लीन'.

टेकऑफच्या वेळी इंजिन पूर्ण ताकदीने चालतं. तेव्हा मिश्रण लीन झालं, तर ते नीट जळण्याऐवजी आत हातोडा मारल्यासारखा स्फोट होऊ शकतो. याला 'डिटोनेशन' म्हणतात. पिस्टन इंजिन असे काही धक्के सोसून जातं. रोटरीत मात्र अ‍ॅपेक्स सीलचा तुकडा पडू शकतो आणि मग कॉम्प्रेशनच जातं. तेही विमान जमिनीपासून जेमतेम काहीशे फुटांवर असताना.

दुसरी अडचण उंचीची. १०,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळपास पाव हिश्शाने कमी होते. पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण आपोआप रिच होतं. पेट्रोल वाया जातं आणि ताकदही घटते.

मग जुळवणी कशी करतात?

अशा विमानांत इंधन बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनने दिलं जातं. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब आणि तापमान सेन्सर मोजतात. इंजिनाचा छोटा संगणक त्याच्याकडच्या तक्त्यात बघून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. जुळवणी म्हणजे हा तक्ता दुरुस्त करणं.

• सुरुवात जमिनीवर होते. आधी पंप पुरेशा दाबाने पुरेसं पेट्रोल देतो का, हे तपासतात. मग विमान घट्ट बांधून इंजिन गरम करतात आणि वेगवेगळ्या वेगांवर चालवतात.

• एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण दाखवतो. त्यानुसार तक्त्यातला एकेक आकडा बदलतात. विमानांच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं आणि त्याने हा सेन्सर लवकर खराब होतो. म्हणून जुळवणीच्या वेळी बरेच जण कारचं, बिनशिशाचं पेट्रोल वापरतात.

• कमी ताकदीला दोन इंजेक्टर आणि जास्त ताकदीला चारही, अशी रचना असेल तर तो बदल होण्याचा टप्पा खास तपासतात. तिथे मिश्रण अचानक बिघडून इंजिन अडखळू शकतं.

• हवेतली जुळवणी धावपट्टीच्या आसपास, पुरेशा उंचीवर करतात. एका वेळी एकच बदल. जास्त ताकदीचे आकडे मुद्दाम रिच बाजूला ठेवतात.

• सरळ उड्डाणात ताकद कमी केल्यावर मिश्रण हळूहळू लीन करतात. एक्झॉस्टचं तापमान आधी वाढतं, शिखर गाठतं आणि मग उतरू लागतं. रोटरीत व्हॉल्व्ह नसल्याने ते जळण्याची भीती नसते. पण एक्झॉस्ट मुळातच पिस्टन इंजिनापेक्षा जास्त गरम असतो, त्यामुळे पाइप आणि सायलेन्सरवर लक्ष ठेवावं लागतं.

संगणकच बिघडला तर?

पंप, इंजेक्टर आणि स्पार्क हे सगळं विजेवर चालतं. म्हणून काळजी घेणारे लोक दोन पंप, बॅटरीची पर्यायी सोय आणि दुसरा संगणक बसवतात. मिश्रण हाताने कमी-जास्त करणारं बटणही कॉकपिटमध्ये ठेवतात. सेन्सरने दगा दिला तरी वैमानिक त्याच्या मदतीने इंजिन चालू ठेवून धावपट्टी गाठू शकतो.

अशा बिगर-प्रमाणित इंजिनाच्या विमानाला अमेरिकेत साधारणपणे पहिले ४० तास ठरलेल्या भागात, प्रवासी न घेता चाचणी उड्डाणं करावी लागतात. तक्त्यातले बरेचसे आकडे याच तासांत पक्के होतात. पुढे इंजेक्टर, पंप किंवा प्रोपेलर बदलला, तर तपासणी पुन्हा जमिनीपासून सुरू होते.